पेटी पोचवणं

जुनी पेटी विकत घेण्याआधी बाई ती हुंगत. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्याकडे तिला दुसरं नाव कुणी वापरत नाही. विकणारा माणूस उत्साहानं पट्ट्या वाजवून दाखवायला लागला की बाई त्याला हातानं थांबवत, वरची फळी काढायला सांगत, चष्मा कपाळावर सरकवत आणि नाक थेट आत घालत. मग मान वर करून निकाल. उंदराचा वास आला तर नको. ओलीचा आला तर नको. डांबरगोळ्यांचा आला तर अजिबातच नको. खोबरेल, उदबत्ती आणि हातांचा घाम यांचा मिळून येणारा तो एक वास आला की म्हणत, "हां, ही वापरातली हाय." त्यानंतर सूर ऐकणं, भाता तपासणं वगैरे व्हायचं, पण ते उपचारापुरतं.

आणि एखाद्या मुलीच्या वडिलांनी नव्या पेटीचा विषय काढलाच तर बाईंचं वाक्य ठरलेलं होतं. "नवी कशाला? सून आणायलात का घरात?"

सगळे हसत. वडीलही हसत. लहान असताना मीही हसायचे, न कळता.

तुमच्याही गावात अशा एक बाई असतील. पुढच्या खोलीत सतरंजी, भिंतीला टेकवलेला तंबोरा जो कुणी वाजवत नाही, आणि संध्याकाळी शाळेचे गणवेश न बदलता आलेल्या मुली. आमच्या बाईंचं घर सेलूच्या कापूस बाजाराच्या बाजूला होतं. जिनिंग सुरू झालं की त्या गल्ल्यांमध्ये कापसाचे तंतू तरंगत राहतात, केसांना, दोरीवरच्या टॉवेलांना चिकटतात. पेटीत तंतू गेला की सूर गुदमरतो. म्हणून क्लासचा पहिला धडा गाण्याचा नसायचाच, वाजवून झालं की पेटीवर कापड नीट कसं घालायचं याचा असायचा.

मी पाचवीत असताना आईनं मला तिथं घातलं. गाणं यावं म्हणून नाही, तोंड उघडावं म्हणून. मी इंग्लिश मीडियमच्या शाळेत जायचे आणि तिथंही बोलायचे नाही, घरीही बोलायचे नाही. बाईंनी नाव विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पेटीला बी ऐकू गेलं न्हाई." मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या मुलीनं माझं नाव सांगितलं. मी सरगम इंग्रजी अक्षरांत लिहून घ्यायचे. एकदा बाईंनी वही उलटी धरून बघितली आणि विचारलं, "हे गाणं हाय का किराण्याचं बिल?" पण बदल म्हणून कधी सांगितलं नाही. मला इंग्लिशवाली म्हणत. "इंग्लिशवाली, आज पेटीला ऐकू जाऊ दे."

बाईंनी आमच्या भागात एक पद्धत लावून दिली होती. दुसरीकडे कुठं ती असेल असं मला वाटत नाही. मुलगी वर्षभर टिकली की वडील विचारायला येत, आता हिला पेटी कुठून घ्यावी. बाई म्हणत, थांबा. त्या पलीकडच्या गल्लीतल्या पोरीची सोयरीक जमायलीय. त्या मुलीचं लग्न ठरलं की तिची पेटी या मुलीकडे येई. काय द्यायचं-घ्यायचं ते दोन्ही घरं आपापसांत बघत, बाई त्यात पडत नसत. त्यांची अट एकच. मुलीनं लग्नाआधी पेटी स्वतः त्यांच्याकडे आणून द्यायची आणि पुढच्या मुलीनं ती त्यांच्याकडूनच न्यायची. अशा चारपाच पेट्या आमच्या भागात फिरत होत्या. कुणाची पेटी आधी कुणाची होती हे सगळ्यांना पाठ असे.

याला पेटी पोचवणं म्हणत. हळदीच्या आधी, हाताला मेंदी लागण्यापूर्वी, मुलगी रिक्षातून पेटी घेऊन यायची. वरचं कापड धुऊन इस्त्री केलेलं असायचं. बाई तिला शेवटचं एक गाणं म्हणायला लावत, मग तिची ओटी भरत. नारळ, खण, तांदूळ. मग पेटी आत जायची. कालांतरानं आमच्या गल्लीत लग्नघरी बायका विचारायला लागल्या, खरेदी झाली का, पत्रिका आल्या का, पेटी पोचवली का. मला तर बरीच वर्षं वाटत होतं की हा लग्नातलाच एक विधी आहे आणि तो सगळीकडेच असतो.

माझी पेटी मात्र माझ्याकडेच राहिली, कारण माझं लग्न ठरलं नाही. मी शिकले, परभणीला एका ऑफिसात लागले, रोज गाडीनं जाऊ-येऊ लागले. संध्याकाळी परत आल्यावर बाईंकडे जायची सवय राहिली. क्लासच्या मुली गेल्या की मी तिथं बसायचे. बाई भाजी निवडत, मी पेट्या पुसायचे. गल्लीतल्या बायकांना मला टोमणा मारायला तीच पेटी पुरायची. "काय गं, तुझी पेटी कवा पोचवायलीस? पुढची पोरगी म्हातारी व्हायलीय." मी हसून खाली बघायचे. बाई त्यांना म्हणत, "राहू द्या तिच्यापाशी. तिचा आवाज बाहेर यायलाच अजून वेळ हाय."

बाईंच्या मागच्या खोलीत एका कॉटखाली चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. एका उन्हाळ्यात खोली झाडताना त्यांनी मला ते ओढायला सांगितलं. ती पेटी होती. दुहेरी सुरांची, पितळी कड्यांची, पॉलिश अजून चमकणारी. मी आपणहून पट्टी दाबली आणि भाता हलवला. एक सूर भोंग्यासारखा वाजत राहिला, बाकीचे उमटलेच नाहीत. मागून भुसा पडला.

बाईंनी झाडू न थांबवता सांगितलं. ही त्यांची स्वतःची. वडील कापसाच्या दलालीत होते. लग्नात त्यांनी लेकीला कोरी करकरीत पेटी दिली, वाजतगाजत, सगळ्या आहेरावर ठेवून. सासर झरीच्या बाजूचं. माणसं वाईट नव्हती, असं बाई दोनदा म्हणाल्या. पेटी त्यांनी माळ्यावर ठेवली, फडक्यात बांधून, डांबरगोळ्या घालून. पाहुणे आले की खाली काढत, सुनेची पेटी म्हणून दाखवत, आणि परत वर ठेवत. वाजवायचं म्हटलं की सासू म्हणायची, खराब होईल गं, नवी हाय. पुढं नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, बाई सेलूला परत आल्या. पेटीही टेंपोतून आली. उघडली तर भात्यात उंदरांनी घर केलेलं.

"जुनी असती तर कुणी माळ्यावर ठिवली नसती," बाई म्हणाल्या. "नवी म्हणून जपली, जपून जपून मारली."

त्यांच्या त्या पद्धतीमागचा विचार तेव्हा मला कळला. सासरी गेलेली पेटी मरते. म्हणून तिला जाऊच द्यायचं नाही, परत बोलवायचं, दुसऱ्या हातात द्यायचं. त्या उन्हाळ्यात मला हे फार शहाणपणाचं वाटलं. पेट्या खरोखरच वाचल्या होत्या. एकही मुकी झाली नव्हती.

मग मंगल आली.

मंगलचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जात. ती शाळेसाठी आत्याकडे राहायची आणि आत्याचं घर बाईंच्या घरापासून दोन दारं सोडून होतं. क्लास चालू असताना ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. बाईंनी एक दिवस तिला आत ओढलं. तिच्या आवाजाविषयी मी काय लिहू? मला गाण्यातलं तेवढं कळत नाही. एवढंच सांगते की बाकीच्या मुली गात असताना बाई स्वयंपाकघरातून सूचना देत असत, आणि मंगल गायला लागली की गॅस बंद करून बाहेर येत. तिच्या मागे बसत, तिला दिसणार नाही अशा.

मंगलकडे जी पेटी आली ती आमच्या भागातली सगळ्यात जुनी. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यावर उदबत्तीचा डाग. तिच्या आधी कितीतरी मुलींनी ती वाजवून पोचवलेली. मंगल त्या पेटीवर शाळेची पुस्तकंसुद्धा ठेवत नसे.

बारावी झाली आणि तिची सोयरीक जमली. ज्या दिवशी आत्या सांगायला आली त्या दिवशी बाईंनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. आत्या गेल्यावर मला म्हणाल्या, "हिची पेटी परत यायला नको." मी त्यांच्याकडे बघितलं. "हिच्या हातातून घ्यायला माझा हात व्हायचा न्हाई. हिनं घेऊन जावं. एकीनं तरी."

बैठक आत्याच्या घरी होती. मुलीच्या गाण्याच्या बाईंना बैठकीत काही काम नसतं, तरी बाई इस्त्रीची साडी नेसून गेल्या आणि मला सोबत नेलं. पाहुणे चारठाण्याकडच्या एका गावातले. पुरुष सतरंजीवर, बायका आतल्या दारात, मंगल मागं चहा करत होती. सगळं बोलून झालं, साखर वाटायची तेवढी राहिली, तेव्हा बाई उंबऱ्यातून म्हणाल्या की एक राहिलं. पोरीसंग पेटी येईल. तिला वाजवू द्याल का?

पाहुण्यांतला एक जण म्हणाला, "बाई, आमी फ्रीजची आशा धरून बसलोत, तुमी पेटी द्यायलात."

हशा झाला. बाई हसल्या नाहीत. त्या मुलाच्या वडिलांकडे बघत राहिल्या. ते साधे गृहस्थ होते, देवळातल्या भजनात टाळ धरणारे. त्यांना वाटलं असावं की उत्तर देणं भाग आहे. ते म्हणाले, "वाजवू दे की. आमच्या भजनाला पेटीवाला दरवेळी जिंतूरहून बोलवावा लागतोय. घरचीच सून वाजवाया लागली तर बरंच हाय की, बाई."

"शब्द द्या."

"दिला."

परत येताना बाई आपल्या घराचं दार ओलांडून तशाच पुढं चालत गेल्या. मी हाक मारली तेव्हा थांबल्या.

पुढच्या रविवारी आम्ही ती पेटी परभणीला नेली. गाडीत बसायला जागा मिळाली, पण बाईंनी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. दुरुस्ती करणाऱ्यानं भात्याला नवं चामडं लावलं, दोन सूर घासून दिले. तो म्हणाला, एवढ्या खर्चात थोडी भर घालून नवी घ्या ना. बाई म्हणाल्या, "नवी माळ्यावर जाती." त्याला काही कळलं नाही. नव्या कापडाचं आवरण शिवून घेतलं, त्याला बाईंनी स्वतः नाडी ओवली.

हळदीच्या आदल्या दिवशी मंगल पेटी घेऊन बाईंच्या दारात आली, इतर मुली येत तशीच. बाईंनी तिला आत घेतलं, गाणं म्हणायला लावलं, ओटी भरली. मग पेटी उचलून तिच्याच हातात परत दिली. म्हणाल्या, "राहू दे. घेऊन जा." मंगलनं मान हलवली, वाकून नमस्कार केला आणि पेटी घेऊन गेली. मी दारात उभी होते. मला वाटलं, झालं.

त्यानंतरचे महिने बाई वेगळ्याच होत्या. मधेच म्हणत, आज एकादशी, भजन असंल त्यांच्याकडं. पाऊस पडला की म्हणत, सूर फुगंल, तिला कापड घालायचं ध्यानात असंल ना. मी म्हणायचे, असेल. एका मुलीला पेटी हवी होती आणि द्यायला उरली नव्हती, याचासुद्धा त्यांना आनंद होता. त्या मुलीच्या वडिलांना त्यांनी अभिमानानं सांगितलं, की ती पेटी सासरी गेलीय.

मंगल पहिल्या बाळंतपणाला आत्याकडे आली, कारण आईवडील तोडीवर होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती बाईंकडे आली. सुट्टी होती, मी तिथंच होते. मंगल हळूहळू चालत होती आणि मागून तिचा नवरा खांद्यावर पेटी घेऊन येत होता. त्यानं पेटी सतरंजीवर ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. आवरण धुतलेलं, इस्त्री केलेलं. डांबरगोळ्यांचा वास दारापर्यंत आला.

मंगलचा चेहरा असा होता, जसा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचा असतो.

"घ्या बाई," ती म्हणाली. "एकदा बी उघडली न्हाई. तुमची अमानत जशीच्या तशी आणली."

मंगलच बोलत राहिली. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, लय आग्रह केला म्हणे. एकादशीला भजनवाले घरी येऊन बसले. तिनंच सांगितलं, ती आपली नाही, आमच्या बाईंची आहे, पुढच्या मुलीला द्यायची आहे, काही झालं म्हणजे? मग मामांनी माळ्यावर जागा करून दिली. उंदीर येऊ नयेत म्हणून ती दर आठवड्याला वर चढून बघत होती. आता पोटामुळं चढता येईना, म्हणून म्हटलं पोचवून टाकू. "तुमी म्हणला होता, राहू दे. मला वाटलं, पुढची पोरगी अजून मिळायची असंल."

बैठकीतलं बोलणं मंगलला कुणी सांगितलंच नव्हतं. बाई पाहुण्यांशी बोलल्या होत्या, आत्याशी बोलल्या होत्या, माझ्याशी तर रोजच. मोठ्यांनी मोठ्यांना शब्द दिला की तो मुलीपर्यंत आपोआप पोचतो, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. मंगल तेव्हा आत चहा गाळत होती. आणि तिला जे लहानपणापासून ठाऊक होतं ते एवढंच, की लग्न झालं की पेटी पोचवायची असते.

बाईंनी एकच विचारलं. "आन् गाणं?"

मंगल हसली. त्या हसण्यात दुःख वगैरे काही नव्हतं. शाळा सुटल्याचं सांगावं तसं ती म्हणाली, "आता कशाचं गाणं, बाई? लगीन झालं की."

बाई उठल्या. आत जाऊन नारळ, खण, तांदूळ घेऊन आल्या. तिची ओटी भरली, तिच्या पोटावरून हात फिरवला, जपून जा म्हणाल्या. नवऱ्याला बोलावून चहा दिला. ते गेले तरी पेटी सतरंजीवर तशीच होती. मी कपबश्या उचलल्या. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"सगळ्या आणून देत गेल्या," त्या म्हणाल्या. "कापड धुऊन, इस्त्री करून. एकीनं तरी म्हणायचं, देत न्हाई म्हणून."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. पण मला वेळेवर शब्द सुचत नाहीत, आणि सुचले तरी ते आतल्या आत इंग्रजीत असतात. मी कपबश्या विसळून परत आले तेव्हा बाई तशाच बसलेल्या होत्या.

नंतर त्यांनी मंगलला पेटी परत न्यायला का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. सांगितलं. बाळ झाल्यावर आत्याच्या घरी जाऊन सांगितलं, पेटी परत घेऊन जा, वाजवत जा. मंगलनं बाळ मांडीवर घेऊन ऐकलं. म्हणाली, बाळ जरा मोठं होऊ द्या, आता याच्यापुढं कुठं वेळ. ती खोटं बोलत नव्हती.

बाईंनी मग जुन्या मुलींना गाठायला सुरुवात केली. कुणी माहेरी आल्याचं कळलं की तिथं जात. गावातच दिलेल्या मुलींच्या घरी तर संध्याकाळी सहज म्हणून जाऊन बसत. विषय फिरवून फिरवून तिथंच आणत. घेऊन जातीस का गं पेटी, पडूनच हाय माझ्यापाशी. मुली, म्हणजे आता चांगल्या भरल्या संसाराच्या बायका, त्यांचे हात धरून हसत. आता कुठं, बाई. बोटं राहिली न्हाईत. एक म्हणाली, माझ्या लेकीला पाठवते की क्लासला. बाई तिच्या घरून परत आल्या आणि त्या दिवशी क्लास घेतला नाही.

मला त्या एकदा म्हणाल्या, "तुझी देऊ नको. कुणी मागितली तरी. लगीन झालं तरी. मी मागितली तरी देऊ नको." मी बरं म्हटलं. "मोठ्यानं म्हण." मी मोठ्यानं म्हटलं. "हां. आता पेटीला ऐकू गेलं."

त्या वर्षी आमच्याच गल्लीतले एक वडील मुलीसाठी पेटी विचारायला आले. त्यांना बाईंचं वाक्य माहीत होतं, म्हणून तेच हसत म्हणाले, "नवी नको ना, बाई? सून थोडीच आणायचीय."

"नवीच घ्या," बाई म्हणाल्या.

आम्ही सगळे परभणीला गेलो. दुकानात एकावर एक पेट्या रचलेल्या, सगळ्या चकचकीत. बाई त्यांच्यासमोर हात बांधून उभ्या राहिल्या, नवख्या घरात पाहुणा उभा राहतो तशा. सवयीनं एका पेटीत नाक घातलं आणि पॉलिशच्या वासानं शिंकल्या. दुकानदार म्हणाला, "सूंघ के क्या देखते, अम्मा? बजा के देखो." बाईंना हसू आलं. कितीतरी दिवसांनी. मुलीला म्हणाल्या, तूच निवड. मुलीनं लाल रंगाची निवडली. बाईंनी सूरसुद्धा तपासले नाहीत. फक्त खाली वाकून तिला सांगितलं, ही तुझी आहे, ही कुणाला पोचवायची नसते. पुन्हा एकदा सांगितलं. मुलगी बरं म्हणाली. तिचं लक्ष कड्यांकडे होतं.

मंगलच्या गावी पेटी घेऊन स्वतः जायचं असं बाईंनी ठरवलं होतं. गुडघा बरा झाला की, जिनिंगचा हंगाम संपला की, त्यांचा खोकला थांबला की. जिंतूरला बस बदलावी लागते, पायऱ्या उंच असतात. मी म्हटलं, मी नेऊन देते. त्या म्हणाल्या, "तू बोलशील का तिच्याशी? तिला सांगावं लागंल. मलाच सांगावं लागंल." खोकला थांबला नाही. परभणीच्या दवाखान्यात त्या थोडे दिवस होत्या, आणि तिथंच गेल्या. मी डब्याच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते.

तेराव्याला जुन्या मुली आल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, बाईंसाठी एक गाणं म्हणू या. सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी मोबाईलवर भजन लावलं. बाईंचा भाचा घर आवरायला थांबला होता. कॉटखालच्या पेटीला गिऱ्हाईक मिळेल का, असं त्यानं मला विचारलं. मी नाही म्हटलं. मंगलची पेटी मात्र मी मागून घेतली.

रिक्षा, बस, परत बस. गावात कुणाला तरी घर विचारावं लागलं, आणि मी विचारलं. मंगल अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मूल जवळ बसलेलं. तिला बाईंचं कळलं होतं, पण यायला जमलं नव्हतं. मला बघून ती रडली, मग पेटी बघून थांबली.

"पुढची पोरगी मिळाली न्हाई का?"

मी म्हटलं, पुढची नाही. ही तुझी. बाईंनी बैठकीत मामांकडून शब्द घेतला होता, तू आत चहा करत होतीस. ती परत यायलाच नको होती. माझ्या आयुष्यात मी एका दमात एवढं बोलले नसेन. मामा दारात येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "दिला होता की शब्द. मला वाटलं, पोरीलाच हौस राहिली न्हाई."

मंगलनं हात पदराला पुसले, आवरणाची नाडी सोडली आणि पेटी पुढ्यात ओढली. मूल रांगत येऊन तिच्या मांडीला धरून उभं राहिलं. तिनं भाता मोकळा केला, पट्टीवर बोट ठेवलं आणि सूर धरला. मामा उंबऱ्यावर बसले. मीही बसले.

ती थांबली होती. मला आधी वाटलं, शब्द आठवेनात. मग लक्षात आलं. आमच्या क्लासात सूर धरल्यावर बाई मागून "हं" म्हणत, आणि त्याशिवाय कुणी सुरुवात करत नसे. मीही कधी केली नव्हती.

तो हुंकार माझा नव्हता, म्हणून मी दिला नाही. भात्यातली हवा संपत गेली, सूर बारीक झाला. मंगलनं पुन्हा भाता मारला, पुन्हा तोच सूर धरला आणि मान थोडी मागं वळवून बसून राहिली.